रिपोर्ट ‘पेंडिंग’ आहे म्हणजे नक्की काय? स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची वाट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी यात भरल्या आहेत.

आजचा विषय जरा जड आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, गाठ निघते, पेशंट घरी येतो आणि मग सुरू होते पॅथॉलॉजी रिपोर्टची वाट. ऑपरेशनच्या दिवशी घरात दहा माणसं असतात. वाट बघायच्या दिवसांत मात्र आपण आणि आपला फोन, एवढेच उरतो.

आधी स्पष्ट सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करणारा माणूस आहे. माझी आई साताऱ्याला असते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. तिचं ऑपरेशन पुण्यात झालं, एका शुक्रवारी. ‘आठ-दहा दिवसांत रिपोर्ट येईल’ असं सांगितलं होतं. पूर्ण रिपोर्ट हातात पडला चोविसाव्या दिवशी. या चोवीस दिवसांत मी जे शिकलो, वाचलं आणि तिच्या डॉक्टरांना विचारून घेतलं, ते आज सांगणार आहे. उपचारांचे निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांबरोबर घ्यायचे.

आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा एकच आहे. आमच्या कामात प्रत्येक कामाचं एक तिकीट असतं. त्यावर ‘चालू आहे’ असं लिहिलेलं असतं किंवा ‘अडलंय’ असं. हे दोन शेरे वेगळे ठेवतात, कारण चालू असलेल्या कामाला वेळ द्यायचा असतो आणि अडलेल्या कामासाठी कुणाला तरी उठून फोन करायचा असतो. हॉस्पिटलचा ‘पेंडिंग’ हा शब्द या दोन्ही गोष्टी एकाच पांघरुणाखाली झाकतो. ते पांघरूण जरा बाजूला केलं, की वाट पाहणं थोडं सोसवतं.

चालू असलेलं काम: गाठीचा प्रवास

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग याला इतके दिवस का? कारण रक्त मशीनमध्ये घालता येतं. ऊतीचा तुकडा आधी टिकवावा लागतो, मग कडक करावा लागतो, मग कापावा लागतो आणि शेवटी माणसाने बसून बघावा लागतो.

ऑपरेशन थिएटरमधून निघालेला भाग फॉर्मेलिनमध्ये जातो. पेशी आहेत तशा ‘थांबवून’ ठेवण्याचं काम हे द्रावण करतं. फॉर्मेलिन आत झिरपतं ते फार हळू, ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर. त्यात स्तनाच्या ऊतीत चरबी जास्त, म्हणून आणखी सावकाश. स्तनाच्या ऊतीसाठी हा मुरण्याचा काळ किमान ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास असावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. घाई केली तर पुढच्या हार्मोनच्या आणि हर-टूच्या तपासण्या चुकू शकतात. म्हणजे इथला उशीर हा मुरांब्यासारखा आहे. मुरायला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

मग येतं ‘ग्रॉसिंग’. पॅथॉलॉजिस्ट तो भाग मोजतात, त्याच्या कडांना शाई लावतात, बऱ्याचदा वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळ्या रंगांची, आणि त्याचे काप करतात. शाई कशासाठी? पुढे मायक्रोस्कोपखाली कॅन्सरच्या पेशी शाईपर्यंत पोचलेल्या दिसल्या, तर गाठ कडेपर्यंत होती असं कळतं. त्यालाच मार्जिन पॉझिटिव्ह म्हणतात आणि तेव्हा पुन्हा थोडी शस्त्रक्रिया लागू शकते. शाई आणि पेशी यांच्यामध्ये निरोगी ऊती असली, तर मार्जिन मोकळी. काखेतून काढलेल्या लसिका ग्रंथीही याच वेळी चरबीतून हाताने चाचपून शोधतात. हे काम निवांतपणे करावं लागतं, कारण एखादी ग्रंथी सुटली तर रिपोर्टमधला आकडाच बदलतो.

निवडलेले छोटे काप साधारण रात्रभर एका यंत्रात राहतात. तिथे त्यांच्यातलं पाणी अल्कोहोलने काढतात आणि शेवटी त्या जागी मेण भरतात. मेणाची छोटी वडी तयार होते, तिला ‘ब्लॉक’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या हिश्श्याएवढे. ते काचेवर घेऊन गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट बघायला बसतात. कॅन्सरचा प्रकार, ग्रेड, आकार, मार्जिन, ग्रंथी हे सगळं इथे कळतं. शंका आली तर त्याच ब्लॉकचे आणखी खोलवरचे काप मागवतात, किंवा फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या मूळ भागातून नवे तुकडे घेतात. प्रत्येक वेळी एक-दोन दिवस वाढतात. ऑपरेशन शुक्रवारचं असेल तर मध्ये रविवारही येतोच.

‘पण ऑपरेशन चालू असतानाच वीस-तीस मिनिटांत रिपोर्ट आला होता की!’ हा प्रश्न आमच्या मामानेही विचारला. तो फ्रोझन सेक्शन. ऊती गोठवून घाईने कापतात आणि सर्जनला तेव्हाच्या तेव्हा एखादा निर्णय घ्यायला मदत करतात. गोठवलेल्या कापात चित्र तितकं स्वच्छ दिसत नाही आणि भागही थोडाच तपासला जातो. म्हणून अंतिम शब्द मेणाच्या ब्लॉकवरचाच. फ्रोझनला ‘ग्रंथी स्वच्छ’ म्हटलं आणि अंतिम रिपोर्टात बारीकसा ठिपका सापडला, असं होऊ शकतं. हे आधीच माहीत असलेलं बरं.

त्यानंतरच्या तपासण्या

इथपर्यंत साधारण आठवडा-दीड आठवडा जातो. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये नुसता आकार आणि ग्रेड पुरत नाही. औषध कोणतं द्यायचं हे ठरवायला आणखी तीन गोष्टी लागतात: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन म्हणजे हार्मोनचे रिसेप्टर. ते असतील तर हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होतो. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. ते खूप जास्त असेल तर ट्रॅस्टुझुमॅबसारखी नेमकी त्यावर काम करणारी औषधं देता येतात.

या तपासण्या बऱ्याचदा बायॉप्सीवरच झालेल्या असतात. हर-टूला गुण देतात: ०, १+, २+, ३+. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे काठावर, ना इकडे ना तिकडे. मग ‘फिश’ नावाची वेगळी तपासणी करतात. त्यात पेशीच्या केंद्रकातल्या हर-टू जनुकाच्या प्रतीच चमकत्या ठिपक्यांनी मोजतात. ही सोय सगळीकडे नसते. ब्लॉक दुसऱ्या लॅबला, कधी दुसऱ्या शहरात जातो, तिथे नंबर लागतो, मग तपासणी होते.

आईचं हर-टू बायॉप्सीत २+ होतं. ‘तुकडा लहान आहे, ऑपरेशनच्या गाठीवर पुन्हा बघू,’ असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं. म्हणजे आमच्या वाटेत हा टप्पा येऊ शकतो, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

अडलेलं काम: आमचा तेरावा दिवस

अकराव्या दिवशी फोन केला. ‘पेंडिंग आहे.’ तेराव्या दिवशी परत केला, पण प्रश्न बदलला. ‘रिपोर्ट आला का?’ असं न विचारता म्हणालो, ‘मॅडम, काम चालू आहे की कशासाठी तरी थांबलंय?’ पलीकडच्या ताईंनी दोन मिनिटं थांबवलं आणि म्हणाल्या, ‘हर-टू परत २+ आलंय. फिशचं पेमेंट आणि नातेवाइकांची सही बाकी आहे. ती झाली की ब्लॉक मुंबईला पाठवतील.’

आम्हाला हे कुणी कळवलंच नव्हतं. लॅब आमची वाट बघत होती आणि आम्ही लॅबची. मी त्याच दिवशी दुपारी सुट्टी टाकून गेलो, सही केली, पैसे भरले आणि पावती घेतली. दुसऱ्या दिवशी ब्लॉक निघाला.

तिथेच आणखी एक गोष्ट कळली. बाकीचा रिपोर्ट, म्हणजे मार्जिन, ग्रंथी, ग्रेड, हे सगळं नवव्या दिवशीच तयार होतं. सगळं एकत्र द्यायचं म्हणून ठेवून दिलं होतं. मी विचारलं, ‘जे तयार आहे ते मिळेल का?’ डॉक्टर मॅडमनी लगेच द्यायला सांगितलं. मार्जिन मोकळी होती आणि काढलेल्या तीन सेंटिनेल ग्रंथी स्वच्छ होत्या. फोनवर हे ऐकल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे आता एकाच गोष्टीची काळजी करायची ना? ते जमेल मला.’

तर मंडळी, फोन करताना हे प्रश्न विचारा, वहीत लिहून ठेवले तर उत्तम:

- रिपोर्ट आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे? ग्रॉसिंग, स्लाइड, हार्मोन-हर-टू की फिश?
- आमच्याकडून काही राहिलंय का? सही, पैसे, आधीच्या बायॉप्सीचा रिपोर्ट, विमा किंवा योजनेची मंजुरी?
- ब्लॉक बाहेर पाठवलाय का? कुठे, कोणत्या तारखेला?
- जेवढं तयार आहे, तेवढा रिपोर्ट डॉक्टरांना मिळू शकतो का?
- पुढचा फोन कधी करू?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘बुधवारी चारनंतर करा’ असं उत्तर मिळालं, की बुधवारी चारपर्यंतचा वेळ आपला. तोवर फोनकडे बघायचं कारण उरत नाही.

‘उशीर झाला म्हणजे वाईट असणार’

हा विचार प्रत्येक घरात येतो. आमच्याकडे मावशीने तो बोलूनही दाखवला. पण वरचे टप्पे परत वाचा. उशिराची कारणं फॉर्मेलिन, रविवार, जास्तीचे काप, काठावरचं हर-टू, कुरिअर, राहिलेली सही अशी असतात. यातलं एकही कारण रिपोर्ट चांगला की वाईट हे सांगत नाही. उशिरावरून निकालाचा अंदाज बांधता येत नाही.

दुसरी भीती अशी, की या उशिराने आजार वाढेल का? ऑपरेशननंतरचे उपचार, मग ती केमो असो की रेडिएशन, जखम भरल्यावरच सुरू होतात, त्यामुळे पहिले काही आठवडे तसेही बरं होण्यात जातात. केमो लागणार असेल तर ती साधारण चार ते आठ आठवड्यांच्या आसपास सुरू करायचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या पेशंटच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात केमो ऑपरेशननंतर नव्वद दिवसांच्या पलीकडे गेलेल्यांमध्ये परिणाम वाईट दिसले, ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात जास्त. म्हणजे वेळ अमर्याद नाही, पण दोन-तीन आठवड्यांची वाट म्हणजे गाडी चुकली असंही नाही.

तुमच्या पेशंटसाठी नेमकी तारीख कोणती, हे डॉक्टरांनाच विचारा. थेट विचारा: ‘मॅडम, रिपोर्ट कोणत्या तारखेपर्यंत आला तर चालेल?’ आमच्या मॅडमनी कॅलेंडर बघून तारीख सांगितली. ती तारीख फ्रिजवर चिकटवली. घरातला निम्मा ताण त्या कागदाने उतरवला.

मनाचं काय होतं?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झालेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. ४५ जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ दिला. दगड उलटायचा, खाली साप निघाला तर हाताला विजेचा झटका. सगळ्यात जास्त ताण कधी आला? झटका नक्की बसणार हे माहीत असताना नाही. बसेल की नाही हे निम्मंनिम्मं असताना आला. म्हणजे ‘एकदा काय ते कळू दे’ असं पेशंट म्हणतो, तेव्हा तो रडगाणं गात नसतो. आपलं शरीर खरोखर तसंच वागतं.

दुसरं काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांचं. वकिलीच्या परीक्षेच्या निकालासाठी चार महिने थांबलेल्या पदवीधरांचा त्यांनी अभ्यास केला. चिंता दाबून ठेवणं, जबरदस्तीने आशावादी राहणं असले नेहमीचे उपाय ताण कमी करायला फारसे उपयोगी पडले नाहीत. उलट जे वाट बघताना अस्वस्थ होते, त्यांनी वाईट निकाल आला तर तो जास्त चांगला पेलला आणि चांगला आला तर त्यांना आनंदही जास्त झाला. परीक्षा आणि कॅन्सर एक नव्हेत, हे मान्य. पण यातून मी एवढं घेतलं, की आईला ‘पॉझिटिव्ह राहा’ असं सांगायचं नाही. तिला भीती वाटत असेल तर वाटू दे. ती बोलली तर ऐकायचं.

याच संशोधकांना पुढे असंही दिसलं, की माणूस पूर्ण गुंतून जाईल असं काम हाती असेल तर वाट सुसह्य होते. टीव्ही समोर चालू असतो, पण डोकं रिपोर्टमध्येच असतं. काम असं हवं की ते थोडं अवघड पडेल. आईने शेजारच्या मुलाला पाचवीच्या स्कॉलरशिपचं गणित शिकवायला घेतलं. रोज संध्याकाळी एक तास. तो तासभर ती पेशंट नसायची, बाई असायची. बाकी दिवसभरात ड्रेनचं माप लिहायचं, खांद्याचे शिकवलेले व्यायाम करायचे. रिपोर्ट आपल्या हातात नसतो, खांदा असतो.

घरातले नियम

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या होत्या.

पहिली, लॅबला फोन एकाच माणसाने करायचा. आमच्याकडे तो मी. बाकी नातेवाइकांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ: ‘काही कळलं की आम्हीच कळवू.’ आईला दिवसातून आठ वेळा ‘आला का रिपोर्ट?’ हे ऐकावं लागू नये, एवढ्यासाठी.

दुसरी, पीडीएफ कुणी आणि कधी उघडायची हे आधीच ठरवायचं. हल्ली रिपोर्ट डॉक्टरांच्या भेटीआधीच मोबाईलवर येऊन पडतो. रात्री साडेदहाला ‘इन्व्हेझिव्ह’ हा शब्द वाचून घर जागं राहतं, खरं तर तो शब्द बायॉप्सीतही होता. आम्ही ठरवलं, उघडायची ती सकाळी, आणि त्याच दिवशी ओपीडी असेल तरच.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड होती. मामाचं म्हणणं, ‘काही वाईट असलं तर ताईला सांगू नका, खचेल ती.’ प्रेमापोटीच बोलला. पण आईच्या कानावर ते गेलं. ती शांतपणे म्हणाली, ‘अरे, गाठ माझी, टाके माझे, मग रिपोर्ट तुमचा कसा? आधी मला सांगायचं. तुम्हाला सांगायचं की नाही ते मी बघेन.’ मामा हसला आणि विषय संपला. प्रत्येक पेशंटला सगळं ऐकायचंच असतं असं नाही. काहींना खरंच नको असतं. पण ते त्यांना विचारून ठरवा, रिपोर्ट यायच्या आधी. तो आल्यावर हे ठरवायला सवड मिळत नाही.

कशासाठी थांबायचं नाही

रिपोर्टसाठी थांबावं लागतं, जखमेसाठी नाही. ताप, जखमेभोवती लाली, पू, अचानक सूज, ड्रेनमध्ये एकदम जास्त रक्त, धाप लागणं किंवा पाय सुजून दुखणं यातलं काही झालं तर पुढच्या ओपीडीची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

मनाचंही तसंच. सलग रात्री झोप नाही, जेवण जात नाही, धडधड थांबत नाही, असं असेल तर डॉक्टरांना सांगा. बऱ्याच कॅन्सर हॉस्पिटलांत समुपदेशक असतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पेशंटच्या नातेवाइकांनीही फोन केला तर चालतो. मी केला होता.

चोविसाव्या दिवशी आईचा फिश निगेटिव्ह आला, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह. आता रेडिएशन चालू आहे, त्यानंतर गोळ्या. तुमच्या घरचा रिपोर्ट वेगळा असेल, उपचार वेगळे असतील. पण उद्या फोनवर कुणी ‘पेंडिंग’ म्हटलं, तर फोन ठेवू नका. विचारा, चालू आहे की अडलंय? चालू असेल तर पुढच्या फोनची तारीख घ्या. अडलं असेल तर सही कुठे करायची ते विचारा.

पुढच्या भागात रिपोर्टमधले शब्द एकेक करून वाचू: ग्रेड, स्टेज आणि ते के-आय-६७ नक्की काय असतं. तोवर काळजी घ्या. भेटू!